शुद्ध चराईचा पुरावा

लाटंबार्से,
२ मार्च २०२५

मामा,

नमस्कार करते. फोनवर माणूस विचार न करता बोलतो असे तुम्ही म्हणता आणि मोबाइलला हात लावत नाही, म्हणून कागद घेतला. विचार करूनच लिहिते आहे.

माझे तिसरे करडू मंगळवारी गेले. आजार काही नव्हता. आईच्या कासेत दूध नव्हते, एवढेच. अकरा शेळ्यांतल्या पाच व्याल्या आणि पाचांच्याही बरगड्या लांबून मोजता येतात. सड्याच्या कातळपठारावरचे गवत जानेवारीतच वाळले. शेळ्या दिवसभर तेच चघळतात. संध्याकाळी पोट ढोलासारखे असते आणि पाठ सुरीसारखी.

डिसेंबरात तुम्ही आमच्या वाड्यावर सातेरीच्या देवळासमोर बोललात. तुमच्या मैत्रेयीला खांबाला बांधून, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "ही शेळी सड्यावर वाढली. हिने पोत्यातला दाणा पाहिलेला नाही. पोत्यातले खाते ती शेळी नव्हे, ते गिऱ्हाईक!" केवढ्या टाळ्या पडल्या. सरस्वतीकाकी तर रडली. तिथल्या तिथे बारा घरांनी हात वर करून शपथ घेतली, पेंड नाही, भुसा नाही, फक्त चराई. मीही हात वर केला. भाची म्हणून थोडा जास्तच वर केला.

गौरेशने खाण बंद पडल्यावर खनिज वाहणारा टिपर विकून या शेळ्या घेतल्या, हे तुम्हाला माहीत आहे. काल तो म्हणाला, "मे सरलो की टेम्पो येतलो. सगळीं बकरीं व्यापाऱ्याक. मागीर हांव ट्रेलरार वतां, तूं कुळारा वच." मामा, तो रागाने बोलला असता तर मी भांडले असते. तो हळू बोलला.

शेळ्या गेल्या, तो ट्रेलर चालवायला आणि मी माहेरी गेले, तर हे घर बंद होईल. काय करू ते सांगा.

सुविधा


धारगळ,
७ मार्च

सुविधा,

आशीर्वाद देतो, पण आधी रागावतो.

तीन करडे गेली. दुःख मलाही झाले. पण दुःख म्हणजे युक्तिवाद नव्हे! ज्या देशाने विलायती कापडाची होळी केली, त्या देशातल्या शेळीने कारखान्याच्या पोत्यापुढे मान वाकवायची? माणूस रेशनच्या रांगेत उभा राहिला, पोर्तुगिजांच्या पावाला चटावला. आता शेळीनेही तेच करायचे? (पाव मीही खातो. पण लाजत खातो.)

गवत सुकले म्हणतेस. गवत सुकते, तत्त्व सुकत नाही. शेळी ही जन्मजात शोधक आहे. डोळ्यांसमोरचे संपले की ती पलीकडचे शोधते, आणि पलीकडे नेणे हे तुझे काम. लांब ने. घराजवळच्या सड्यावर आळस चरतो, लांबच्या सड्यावर पराक्रम.

पुरावा हवा? तो माझ्या अंगणात उभा आहे. मैत्रेयीला जुळी झाली, दोन्ही उड्या मारतात, आणि करडांना पाजून वर तांब्याभर दूध मिळते. सकाळी मी तिला स्वतः सड्यावर नेतो, तिच्या शेजारी बसून वाचतो. साडेपाचला आणून अंगणात सोडतो आणि वाचनालयात जातो. आठला परततो तेव्हा ती डोळे मिटून रवंथ करत असते, वादसभा जिंकून आलेल्या विदुषीसारखी. समाधान कशाला म्हणतात ते तिच्याकडून शिकावे.

गौरेशला सांग, घाबरटाला टेम्पो दिसतो, धीराच्या माणसाला वाट दिसते.

तुझा मामा,
बाबली मास्तर


लाटंबार्से,
१६ मार्च

मामा,

लांब नेल्या. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यापलीकडे. जायला दीड तास, यायला दीड तास. आठ दिवस केले. चाल वाढली तसे दूध आणखी आटले. परवा काळी शेळी रस्त्यातच बसली. मारले, ओढले, पण उठली नाही. खांद्यावर घेऊन आले. वजन लागले नाही, मामा. ते न लागणेच जड वाटले.

दवाखान्यातल्या डॉक्टर कोमल येऊन गेल्या. त्यांनी सांगितलेले तसेच लिहिते. सुक्या गवतात प्रथिन नसल्यातच जमा. शेळीच्या पोटात गवत पचवणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, आणि प्रथिन मिळाले नाही तर तेच उपाशी पडतात. मग पोट भरलेले असूनही शेळी उपाशीच राहते. रोज थोडी पेंड, थोडा हिरवा पाला दिला तर तेच सुके गवत अंगी लागते. मी म्हटले, आमची शपथ आहे. त्या म्हणाल्या, "शपथ तुम्ही घेतली की शेळीने?"

मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले. पण मामा, एवढे करा. मैत्रेयी दिवसभरात नेमके काय काय खाते ते मामीला विचारून कळवा. सडा तुमचाही वाळलाच असेल ना?

सुविधा


धारगळ,
२१ मार्च

सुविधा बाय,

हा कागद पिशवीच्या तळाशी घालून बसवाल्याकडे देते आहे. फोनवर बोलले तर हे शेजारी बसून ऐकतात आणि मध्येच शुद्धलेखन सुधारतात. पिशवीत नारळाची पेंड आहे.

ह्यांनी तुझे पत्र मोठ्याने वाचले आणि विचारले, "शालिनी, मैत्रेयी काय खाते?" मी म्हटले, "मिळता तें खाता." हे इतके खूश झाले की वहीत उतरवून घेतले.

आता खरे ऐक. हे साडेपाचला वाचनालयात गेले की मी मागच्या दारी येते आणि "मैतू, ये गो" म्हणते. करवंटीभर भिजवलेली पेंड, मूठभर कुळथाचा भुसा, चिमूटभर मीठ. वर फणसाची हिरवी डहाळी. पावसात देत नाही, तेव्हा सडाच हिरवा असतो. दिवाळी झाली की सुरू करते ते मृगापर्यंत. सहा वर्षे झाली. पेंड तेलाच्या घाण्यावरून येते. ह्यांना वाटते मी ती माडाला घालते. हे माडाकडे कधी बघत नाहीत म्हणून बरे, नाहीतर मी केव्हाच पकडले गेले असते.

पहिल्याच वर्षी सांगणार होते. तेवढ्यात ह्यांनी पेडण्यात भाषण ठोकले आणि पेपरात फोटो आला. हे आणि मैतू. हे त्या फोटोकडे बघत बसायचे. मग कुठल्या तोंडाने सांगू?

तू दे. पण एकदम करवंटीभर नको, पोट फुगेल. चार दिवस मूठभर, मग दोन मुठी, मग वाढव. दूध पाजणाऱ्या आणि गाभण आधी. शपथेचा दोष माझ्या माथ्यावर.

ह्यांना मात्र कळता कामा नये.

मामी


धारगळ,
१० एप्रिल

सुविधा,

विजय!

तुमचा शंभू दुकानदार माल घ्यायला हमरस्त्यावर आला होता. म्हणाला, "मास्तर, सुविधाचीं बकरीं चकचकीत जाल्यांत." मी त्याला तिथेच चहा पाजला. पाहिलेस? तू डगमगलीस, मी डगमगलो नाही. तू लांब नेलेस आणि निसर्गाने निकाल दिला! कुठे गेल्या त्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे कोट्यवधी सूक्ष्म जीव?

रविवार, ४ मे रोजी तुमच्या वाड्यावर येतो. शंभूशी बोलणे झाले आहे. विषय: 'शुद्ध चराई आणि लाटंबार्सेचा धडा'. तुझ्या शेळ्या आणि मैत्रेयी शेजारी शेजारी उभ्या करू. यंदा तालुक्यातल्या साऱ्या वाड्यांना शपथ देण्याचा विचार आहे.

एक चिंता आहे. शालिनी पंचवीस मार्चला आमच्या सायलीच्या बाळंतपणाला मांद्र्याला गेली, ती मेअखेर येईल. तेव्हापासून मैत्रेयी झुरते आहे. रोज बरोबर साडेपाचला मागच्या दारी जाऊन उभी राहते आणि ओरडते. मी जवळ गेलो की माझ्या हातांकडे बघते आणि तोंड फिरवते. दूध तांब्यावरून पेल्यावर आले. अंगावरची तकाकी गेली. मालकिणीच्या विरहात एक मुका जीव किती खंगतो! छत्तीस वर्षे शालिनीबरोबर संसार केला, पण खरे सांगतो, मला स्वतःला इतके वाटले नव्हते. भाषणात हा भाग घेणार आहे. लोकांचे डोळे भरून येतील.

तुझा मामा


लाटंबार्से,
१४ एप्रिल

मामी,

शेळ्या उभ्या राहिल्या. काळीला दूध उतरले, तिचे करडू काल चुलीवर चढले. गौरेश टेम्पोचे नाव अजून घेतो, पण पूर्वीसारखे हळू घेत नाही.

आता वाईट ऐक. मी दार लावून घरात पेंड देते. कुणाला सांगितले नाही. मामांची भाची आहे, सगळ्यांत उंच हात माझा होता. सरस्वतीकाकी विचारते, "गो सुविधा, तूं बकरीं खंय व्हरता?" आणि मी खाणीच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवते. मामी, मी बोट दाखवले आणि ती तिथे गेली. तिची गाभण शेळी वाटेतच पडली ती उठलीच नाही. आता वाड्यावरची सगळीच माणसे उन्हातून ढिगाऱ्यापलीकडे जातात, कारण सुविधाची शेळी तिथेच चकचकीत झाली.

वर चार मेला मामा येऊन हेच सगळ्या तालुक्याला सांगणार. मैतू रोज साडेपाचला मागच्या दारी ओरडते, ती तुझ्या विरहात, असे त्यांना वाटते.

मला सोडव. मामांना सांगू दे.

सुविधा


मांद्रे,
१८ एप्रिल

सुविधा बाय,

सायलीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

सांग त्यांना. मैतू कुणासाठी ओरडते ते मला ठाऊक आहे, आणि ती मी नव्हे. जाताना ह्यांना सांगून जायला हवे होते. धीर झाला नाही, आणि मुक्या जनावराला उपाशी ठेवून आले. ते पाप माझे. पेंडीचा डबा माडाच्या बुंध्यामागे आहे.

मी सांगितले तर भांडण होईल. तू सांगितलेस तर वाद होईल. वाद त्यांना आवडतो.

मामी


लाटंबार्से,
२० एप्रिल

मामा,

तुम्ही नेहमी म्हणता, सत्य सांगताना प्रस्तावना करू नये. म्हणून करत नाही.

मैत्रेयी मामीची वाट बघत नाही. ती पेंडीची वाट बघते. सहा वर्षे मामी तिला संध्याकाळी भिजवलेली पेंड, कुळथाचा भुसा आणि फणसाचा पाला देते आहे. तुम्ही वाचनालयात असता तेव्हा. माझ्या शेळ्या लांब गेल्यामुळे सुधारल्या नाहीत. लांब गेल्यामुळे त्या पडत होत्या. मामीने पाठवलेल्या पेंडीने त्या उठल्या.

तुम्हाला खोटे पाडायला हे लिहीत नाही. सरस्वतीकाकीची शेळी माझ्या बोटामुळे मेली. चार तारखेनंतर किती मरतील ते तुमच्या बोलण्यावर आहे, कारण तुमच्यासारखे बोलायला इथे कुणाला येत नाही.

रागावला असाल तर माझ्यावर रागवा. पण आज संध्याकाळी मैत्रेयीला मूठभर द्या. मूठभरच, वर चिमूटभर मीठ. माडाच्या बुंध्यामागे मामीने डब्यात ठेवलेली आहे.

सुविधा


धारगळ,
३० एप्रिल

सुविधा,

पत्र मिळाले त्याच दिवशी तुला सोळा पानांचे उत्तर लिहिले. फार चांगले झाले होते. त्यात एका शेळीवरून सिद्धान्त ठरत नाही असे ठामपणे मांडले होते. मग लक्षात आले, सहा वर्षे मी एका शेळीवरूनच सिद्धान्त मांडत होतो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला वाचनालयात गेलो नाही. डबा सापडला. मूठभर पेंड भिजवून मागच्या दारी उभा राहिलो. "मैत्रेयी" अशी हाक मारली. तिने कान हलवला नाही. इकडेतिकडे बघितले आणि हळूच म्हटले, "मैतू, ये गो." धावत आली. खाल्ले. मग माझा हात चाटला. क्षणभर मला भरून आले. नंतर आठवले, हाताला मीठ होते.

आज आठवा दिवस. दूध पेल्यावरून वाढते आहे.

साठएक सभा झाल्या असतील. प्रत्येक गावी कुणीतरी हात वर केला असेल. त्यांच्या शेळ्यांचे काय झाले ते मला कुणी लिहिले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. बोलून झाले की मी दुसऱ्या गावी जात होतो.

चार तारखेला येतो. विषय तोच ठेव. मजकूर बदलेल.

मामा


लाटंबार्से,
६ मे

मामी,

मामा आले. मैतूला घेऊन आले. देवळासमोर दीडशे माणसे होती, कुडासेवाडीपासून लोक चालत आले होते.

मामा उभे राहिले आणि चार मिनिटेच बोलले. मी त्यांना चार मिनिटे बोलताना कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "मी तुम्हाला जे सांगितले ते चूक होते. या शेळीला माझी बायको सहा वर्षे पेंड घालत होती. मला माहीत नव्हते. शपथ मोडा. आजच मोडा. सुक्या दिवसांत शेळीला पेंड आणि पाला द्या, नाहीतर ती मरेल, आणि त्याला कारण मी असेन."

कुणी टाळी वाजवली नाही. मग सरस्वतीकाकी उठली. "मास्तर, कंपनीवाल्यांनी तुमकां कितें दिलें?"

मामा म्हणाले, "काकी, कंपनी नाही, घाण्यावरची पेंड!" तर मागून कुणीतरी बोलले, "आतां घाणोवालो सुद्दां मास्तराक विकतो घेता!" लोक हसले. जे हसले नाहीत ते जास्त वाईट. त्यांना वाटले, मामा तुला मोठेपणा द्यायला खोटे बोलतात. म्हणाले, "मास्तरांचें मन व्हड. बायलेक मान दिवपाक अशें सांगतात." एकाने तर मामांच्या पाया पडून सांगितले की तुमच्या डिसेंबरच्या भाषणाचे आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे, आम्ही तेच ऐकू, तुम्ही काळजी करू नका.

मी उठून माझ्या पेंडीचे सांगितले. काकी म्हणाली, "मामाक वाचवपाक भाची उलयता."

मामांनी माझ्याकडे बघितले. जन्मभर ह्या माणसाने लोकांना पटवले, आणि पटलेले कसे काढून घ्यायचे ते त्याला येत नव्हते. जेवले नाहीत. परतीच्या बसमध्ये मैतूला मांडीशी घेऊन बसले होते.

सुविधा


लाटंबार्से,
५ जून

मामा,

बसून वाचा.

परवा सरस्वतीकाकीकडे तिची बालदी परत द्यायला गेले. भर संध्याकाळी दार बंद. आतून कुडूमकुडूम आवाज. काकीने दार थोडेसे उघडले. पदराला पेंडीचा चुरा, मागे तिची उरलेली शेळी तोंड चाटत उभी. मी बालदी पुढे केली. काकीच म्हणाली, "तुझीं बकरीं पळोवन पेंड हाडली गो. पूण मास्तराक सांगू नाका हां. बरो मनीस तो. ताका वायट दिसतलें."

मामा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती तुमच्यापासून लपवते आहे!

मग शंभूच्या दुकानात चौकशी केली. पंधरा दिवसांत त्याने नारळाची पेंड तीनदा मागवली. एकीने माडाला नेली, एकीने केसांना लावायला, आणि पांडुरंगच्या बायकोने पाहुण्यांच्या म्हशीला. त्या पाहुण्यांकडे म्हैस नाही. वाड्यावरच्या फणसांची खालची पाने दिसेनाशी झाली आहेत. गौरेश स्वतः झाडावर चढतो आणि कुणी विचारले तर सांगतो, सावली फार पडते. बारा घरे, बाराही दारे साडेपाचला बंद. सकाळी सगळ्या शेळ्या सड्यावर एकत्र निघतात तेव्हा त्याच बायका एकमेकींना सांगतात, शुद्ध चराई ती शुद्ध चराई.

एकतीस मेला टेम्पो आला होता. गौरेशने ड्रायव्हरला चहा दिला, शेळ्या दाखवल्या, आणि म्हणाला, "आनीक एक वर्स पळोवया." टेम्पो रिकामा गेला.

आता अडचण. बावीस जूनला वाड्यातर्फे तुमचा सत्कार ठरला आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्रात 'शुद्ध चराईचे प्रणेते' असे लिहिले आहे. सरस्वतीकाकी अध्यक्ष. मी काय सांगू त्यांना?

सुविधा


धारगळ,
१० जून

सुविधा,

पत्र वाचले आणि पेटलो. असा पेटलो की तीन दिवसांत चाळीस मिनिटांचे भाषण तयार केले. ढोंग हा समाजाला लागलेला रोग आहे, इथून सुरुवात. दारे बंद करून सत्य खाणाऱ्या आणि दारे उघडून असत्य बोलणाऱ्या बारा घरांची मी एकेक करून सालटी काढली होती. गेल्या पंधरा वर्षांत इतके धारदार काही लिहिले नव्हते. शेवटी शंभूची विक्रीची वही मंचावर मागवायची, असाही बेत होता.

काल ते शालिनीला वाचून दाखवले. तिने पूर्ण ऐकले. नातीचे झबले शिवत होती, मान वर केली नाही. एवढेच विचारले, "आनी मागीर लजेन त्यो पेंड बंद करतल्यो तर?"

मी भाषणाची पाने पुन्हा चाळली. प्रतिवाद सापडला नाही. तुला माहीत आहे, मला प्रतिवाद सापडला नाही असे सहसा होत नाही.

मी चूक बोललो तेव्हा त्यांनी ऐकले आणि त्यांच्या शेळ्या मेल्या. मी खरे बोललो तेव्हा कुणी ऐकले नाही. आता मी काहीच बोलत नाही आणि बारा घरांतली करडे जगतात. याचा अर्थ काय होतो त्यावर मी एक निबंध लिहू शकेन. लिहिणार नाही.

बावीस तारखेला येतो. शाल घेईन, मानपत्र घेईन, मान खाली घालून घेईन. दोन शब्द बोला असा आग्रह होईलच, आणि समोर माणसे दिसली की माझा भरवसा नाही. तेव्हा एवढे कर. मास्तरांचा घसा बसला आहे, असे सगळ्यांना तू आधीच सांगून ठेव.

मामा